परीक्षकाची लेखनिक

सकाळी सातला ढग इतके खाली होते
की विनीच्या तोंडची वाफ थेट त्यांना जाऊन मिळत होती.
स्पर्धा चालवते ती. निवृत्त भूगोल शिक्षिका.
पायात गमबूट, गळ्यात शिट्टी,
आणि विमानांना शिट्टी ऐकू येत नाही
हे तिलाही ठाऊक.

लिंकनशरची ही जमीन ताटासारखी सपाट,
बीट, गहू, मध्ये गवताची धावपट्टी.
हवामान इथे लांबूनच येताना दिसतं,
थकबाकी मागायला निघालेल्या माणसासारखं,
आणि आपण दारातच उभे.

बावीस हौशी वैमानिक. एक दंतवैद्य,
डुकरं पाळणारे दोघे भाऊ, चर्चमधला एक ऑर्गनवादक.
हँगरच्या पत्र्यावर पाऊस, खाली चहा.
कोपऱ्यात कुणी डोळे मिटून कसरत घोकतोय:
तळवा म्हणजे विमान, मनगट म्हणजे शेपूट,
टाचेवर गिरकी, मान तिरकी.
नवख्याला वाटावं, अंगात आलंय.

दर अर्ध्या तासाला विनी कुणालातरी वर धाडते
ढगांचा तळ मोजायला.
"अकराशे फूट," रेडिओ खरखरतो.
"चौदाशे."
"पुन्हा अकराशे, आणि काच ओली आहे माझी."
फळ्यावर साडेदहा पुसून साडेअकरा,
ते पुसून एक.
खडूचा ढगही आता चांगलाच दाटलाय.
घरी जाऊ का, असं कुणी विचारलं
तर ती नाही म्हणत नाही,
नुसती वायव्येकडे बघते.

पावणेदोनला वायव्य उसवली.
आणि विनीने शिट्टी वाजवली. खरंच वाजवली.

माझं काम सांगते.
परीक्षकाने आकाश बघायचं, लेखनिकेने कागद.
शेजारी गॉडफ्री, मान मागे टाकून, पुटपुटत:
"आठ. साडेसात. रेषा कलली, सहा."
मी लिहिते. नऊ वर्षं लिहिते आहे.
नऊ वर्षांत एकही लूप पाहिलेला नाही.
ऐकलेत मात्र शेकडो.
चढताना इंजिनाचा सूर आवळत जातो,
माथ्यावर क्षणभर श्वास धरतो,
उतरताना सैल.
कागदावर तो गोल आधीच छापलेला असतो.
त्याला वारा लागत नाही.

एकोणिसावी रोवेना पिकरिल.
वय वीस, पहिलीच स्पर्धा, विमान मावशीचं.
वायव्येची फट तोवर मिटत आलेली.
आमच्या खुर्च्यांमागे विनीच्या येरझाऱ्या,
ओल्या गवतात गमबुटांची चपकचपक.
"सोडू का हिला?"
हे ती कुणालाच विचारत नव्हती.
सोडलं.

"सात," गॉडफ्री. "सात. साडेसहा."
चौथी आकृती: सरळ उभं वर,
वेग संपेस्तोवर वर,
मग कुशीवर वळून सरळ खाली.
इंजिन चढलं.
चढलं.
आणि मग जवळजवळ काहीच नाही.
बीटच्या शेतात टिटवी ओरडली, तीही ऐकू आली.
माझी मान वर गेली.

राखाडीच्या कडेला, वीतभर उरलेल्या निळ्यात,
एक लाल विमान उभं होतं.
उडत नव्हतं, पडतही नव्हतं.
जिन्यात मध्येच थबकलेल्या माणसासारखं,
कशाला आलो होतो वर, ते आठवत.
मग आठवलं असावं.

"लिहिलंस?"
आकडा सांगून झाला होता. मी ऐकला नव्हता.
गॉडफ्री पाचवीवर पोचलेला.
कोऱ्या चौकटीत इतर परीक्षकांची सरासरी भरतात,
तसा नियम आहे.

तीनला पाऊस आला तो राहायलाच.
तिघांचं उडायचं राहिलं. त्यात ऑर्गनवाला;
संध्याकाळच्या प्रार्थनेला तो वेळेवर पोचला म्हणे.
रोवेना अकरावी.
बक्षीस म्हणून दंतवैद्याला चषक आणि बटाट्यांचं पोतं.

खुर्च्या घडी करताना विनीने विचारलं,
"चौथीत बघितलंस ना तू वर?"
"बघितलं."
"कशी होती?"
"वळताना डावीकडे झुकली. पाच.
फार तर साडेपाच."
"आणि?"
"आणि टिटवी ओरडली."
विनीने फळा पुसला. उद्यासाठी लिहिलं: आठ.
मग जरा थांबून, बोटानेच, त्याचे नऊ केले.